आजोबांची दुनाळी आणि घरी भरलेलं काडतूस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. औंढा नागनाथ तालुक्यात शेती आहे, हरभऱ्याला घाटे लागले की रोही आणि डुकरं एका रात्रीत वावर मोकळं करतात. आजोबांच्या नावावरची बारा बोअरची दुनाळी वारसाहक्काने तुमच्या परवान्यावर चढली, तिच्यासोबत चामडी पट्ट्यात खोवलेली सतरा जुनी काडतुसं निघाली. नवी काडतुसं महाग वाटतात. टेक्सासमधला मावसभाऊ त्याच्या जुन्या धाटणीच्या, चापाखालचा दांडा ओढून काडतूस चढवायच्या लिव्हर अ‍ॅक्शन रायफलीची काडतुसं स्वतः घरी भरतो आणि तो म्हणतो, 'मी व्हिडिओवर शिकवतो, त्यात काही अवघड नाही.' गावातल्या एका माणसाने दारू आणि छर्रे आणून द्यायची तयारी दाखवली आहे. तर रिकाम्या खोळी सुरक्षितपणे कशा भराव्यात?

उत्तर आधीच सांगतो: भरू नका. कारणं मात्र सविस्तर सांगणार आहे, कारण नुसतं 'नको' म्हटलेलं माणूस विसरतो आणि जागलीच्या एखाद्या रात्री हात चालवतो.

जालन्यात माझं बंदूक दुरुस्तीचं परवानाधारक दुकान आहे. चुलत्यांच्या हाताखाली पोरवयात कानस धरली, तेव्हापासून मराठवाड्यातल्या कितीतरी घरांच्या बंदुका या टेबलावर उघडल्या. त्यांतल्या बऱ्याच निजामाच्या राज्यातल्या, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ च्या आधी आलेल्या. देशमुख-पाटलांच्या वाड्यातल्या, काही बर्मिंगहॅमच्या, बऱ्याच बेल्जियमच्या लिएजच्या. तुमची त्यांतलीच असावी असं वर्णनावरून वाटतं. 'इंग्लिश आहे, दोन घोड्यांची आहे, नळीवर वळणावळणाची नक्षी आहे' असं तुम्ही लिहिलंय. या शेवटच्या वाक्यानेच मला लिहायला बसवलं.

तुम्ही विचारलंय काडतुसाबद्दल. पण तुमच्या हातातली बंदूक किती दाब सोसायला बनवली आहे हेच अजून तुम्हाला माहीत नाही, खरी अडचण ती आहे. काडतूस एकटं सुरक्षित किंवा धोक्याचं नसतं. एका विशिष्ट बंदुकीत एक विशिष्ट काडतूस सुरक्षित असतं. तेच काडतूस शेजाऱ्याच्या बंदुकीत दहा वर्षं बिनघोर चालेल आणि तुमच्या बंदुकीत नळी फाडेल.

मावसभावापासूनच सुरू करतो, कारण तो चूक करतोय असं मला म्हणायचं नाही. तो जिथे आहे तिथे हे कायदेशीर आहे, आणि नीट केलं तर सुरक्षितही आहे. पण तो नेमकं काय करतो ते बघा. समजा त्याची रायफल ४५-७० ची आहे. हे काडतूस अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये घेतलं. नावातला ४५ म्हणजे गोळीची जाडी, ७० म्हणजे सत्तर ग्रेन (ग्रेन हे दारू तोलायचं बारीक माप) काळी दारू. आज त्याच खोळीत बिनधुराची दारू भरतात आणि तिथल्या भरणीच्या पुस्तकांत या एका काडतुसासाठी तीन वेगवेगळे तक्ते असतात: जुन्या 'ट्रॅपडोअर' सैनिकी रायफलीसाठी सर्वांत हलका, लिव्हर अ‍ॅक्शनसाठी मधला आणि आधुनिक मजबूत एकबारीसाठी जोरदार. खोळ तीच, गोळी तीच, तिसऱ्या तक्त्यातलं काडतूस पहिल्या रायफलीत आरामात बसतंही. आणि ती रायफल फोडतंही.

लिव्हर रायफलींत तर दिसण्यावर अजिबात जाता येत नाही. विंचेस्टरची १८७३ ची रायफल आणि १८९२ ची रायफल दोन्ही ४४-४० चं काडतूस खातात. पण १८७३ च्या रायफलीत बोल्ट मागून रोखून धरतो तो कोपरासारखा दुमडणारा सांधा, आणि १८९२ मध्ये जॉन ब्राउनिंगने बसवल्या पोलादाच्या दोन उभ्या पट्ट्या. दुसरी रचना पहिलीपेक्षा खूपच मजबूत. त्यामुळे जाणकार भरणारा आधी विचारतो, 'रायफल कुठली?' आणि मग पुस्तक उघडतो. शिवाय या रायफलींत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात, म्हणजे प्रत्येक गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या टोपीला, म्हणजे टोला बसला की पेटणाऱ्या भागाला, टेकलेलं. म्हणून टोकदार कडक गोळी तिथे चालत नाही, चपट्या नाकाची लागते. खोळीचं तोंड गोळीवर घट्ट आवळावं लागतं. नाहीतर स्प्रिंगच्या आणि धक्क्याच्या जोराने गोळी आत सरकते, दारूला जागा कमी पडते आणि दाब चढतो.

म्हणजे तुमच्या भावाला रायफल कुठली ते ठाऊक आहे. दारूचं नाव आणि बनवणारा ठाऊक आहे. खोळ, टोपी, गोळीचं वजन ठाऊक आहे. ग्रेनचा दहावा भाग दाखवणारा काटा त्याच्या टेबलावर आहे, आणि या सगळ्यांचा मेळ कुणीतरी प्रयोगशाळेत दाब मोजून छापून दिलेला आहे. त्याचा भर अनुभवावर नाही, त्या छापील आकड्यावर आहे. यातली एकसुद्धा गोष्ट तुमच्याकडे नाही. व्हिडिओवर हात कसा चालवायचा ते तो शिकवील, दारू कुठली आहे ते शिकवू शकणार नाही.

आता कायद्याचं, एका दमात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. सुटी दारू बाळगली तर १८८४ चा स्फोटक कायदा वेगळा लागतो. गावातला जो माणूस 'आणून देतो' म्हणतो तो स्वतःबरोबर तुम्हालाही यात ओढतोय. काडतुसं चार वाचतील, परवाना कायमचा जाईल.

पण समजा कायदा बाजूला ठेवला, तरी माझं उत्तर बदलत नाही. तो माणूस आणणार ती दारू कुठली असेल? माझ्या अनुभवात ती तीनांपैकी एक असते. विहिरीच्या किंवा खाणीच्या सुरुंगाची काळी दारू. फटाक्यांची दारू. किंवा दुसऱ्या कुठल्या तरी काडतुसांतून उपसलेली बिनधुराची दारू. तळहातावर घेतलं तर तिन्ही काळपट-करडे दाणेच दिसतात. सुरुंगाच्या दारूचा दाणा खडक फोडण्यासाठी असतो, तो बंदुकीत कसा जळेल याचा कुणी हिशोब केलेला नसतो. फटाक्याच्या दारूचं नावच काढू नका, तिच्यातले काही मिश्रण घासल्यानेही पेटतात. आणि तिसरी, उपसलेली बिनधुराची, सर्वांत फसवी. कारण ती खरोखर बंदुकीसाठीच बनलेली असते.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती कोंडली तरी तिच्या जळण्याचा वेग फारसा वाढत नाही. तुराट्या पेटवल्या की जशा आपल्या चालीने जळतात तशी. जळून अर्ध्याहून जास्त भाग घन राख आणि धूर होऊन उरतो, म्हणून ती जागाही खूप घेते. बिनधुराची दारू म्हणजे नायट्रोसेल्युलोज. तिचा स्वभाव वेगळा: दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. स्वतःच स्वतःचा भाता ओढणारी भट्टी समजा. वजनाला वजन लावलं तर काळ्या दारूच्या साधारण तिप्पट ताकद. म्हणून ती काळ्या दारूच्या मापाने कधीच मोजायची नसते.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिलं. मी शिकाऊ होतो तेव्हा परभणीकडचा एक शेतकरी चुलत्यांकडे पोत्यात गुंडाळून बंदूक घेऊन आला. डाव्या हाताला भलंमोठं बँडेज, दोन बोटं गेलेली. दुनाळीची डावी नळी चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाच्या, पुढे चार बोटांवर उलगडली होती, केळीची साल सोलावी तशी, आणि कडा चाकूसारख्या. त्याच्या घरी आधी ठासणीची बंदूक होती, तिचं पितळी माप त्याच्याकडे होतं. कुणीतरी दिलेली दारू त्याने त्याच मापाने दोन खोळींत भरली. पहिला बार 'जरा जोरात' गेला असं तो म्हणाला. दुसऱ्याला नळी गेली. चुलत्यांनी उरलेले चार दाणे कागदावर घेऊन दाखवले: चपटे, चकचकीत, बिनधुराचे. माप चुकलं नव्हतं. त्या मापाला ती दारू चुकीची होती. दुनाळीत डावा हात नेमका नळीच्या त्या भागाखाली असतो, हे तेव्हापासून मी बंदूक उचलताना दर वेळी आठवतो.

त्याच गैरसमजाचा दुसरा अवतार डब्यावरच्या अक्षरांत असतो. काही काडतुसांच्या डब्यावर '३ ड्रॅम' असं छापलेलं असतं, ड्रॅम म्हणजे वजनाचं जुनं माप. ते आतल्या दारूचं वजन नाही. तीन ड्रॅम काळ्या दारूने छर्ऱ्यांना जो वेग मिळाला असता तेवढा वेग हे काडतूस देतं, असा त्याचा अर्थ. शंभर वर्षांपूर्वीच्या सवयीचा तो हिशोब आहे. तो वाचून कुणी तीन ड्रॅम बिनधुराची दारू तोलली तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

आता तुमच्या बंदुकीकडे. ती वळणावळणाची नक्षी कोरलेली नसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोवती गुंडाळून, भट्टीत ठोकून जोडल्या की ती नक्षी आपोआप उमटते. याला दमास्कस किंवा ट्विस्ट नळी म्हणतात. कारागिरी अशी की आजही हात फिरवावासा वाटतो. पण नळीच्या संपूर्ण लांबीत जोडच जोड आहेत आणि एखाद्या जोडात शंभर वर्षांचा गंज आत शिरला असेल तर तो बाहेरून दिसत नाही. दमास्कस म्हणजे हमखास धोका असं मी म्हणत नाही. काही दमास्कस नळ्या बिनधुराच्या दारूवर तपासून पास झालेल्या आहेत. म्हणूनच अंदाज न बांधता, नळी दाबावर तपासल्यावर तिच्यावर मारलेले शिक्के वाचायचे.

बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, दोन्ही चेंबरमध्ये बोट घालून. मग पुढचा लाकडी भाग काढून नळ्या उतरवा आणि उलट्या करा. चेंबरच्या खाली सपाट जागा असते, तिथे शिक्के असतात. मऊ कापडाला जरासं तेल लावून मळ पुसा, सँडपेपर लावू नका. बर्मिंगहॅमच्या किंवा लंडनच्या बंदुकीवर मुकुटाखाली अक्षरं दिसतील. १८९६ नंतरच्या काही बंदुकांवर 'नायट्रो प्रूफ' असे पूर्ण शब्द, आणि १९०४ नंतर बर्मिंगहॅमला 'एनपी' ही अक्षरं. यातलं काही नसेल, तर ती नळी फक्त काळ्या दारूच्या दाबावर तपासलेली आहे असं धरा. 'नॉट फॉर बॉल' लिहिलेलं असेल तर ती बहुधा १८७५ ते १८८७ मधली, तोंडाशी आवळलेली नळी, तिच्यात एकसंध गोळी कधीही घालायची नाही. चौकटीत, म्हणजे पत्त्यातल्या चौकटच्या आकारात, '१२' आणि खाली 'सी' असेल तर बंदूक १८८७ ते १९२५ मधली. बेल्जियमची असेल तर लंबगोलात 'ईएलजी' आणि खाली तारा दिसेल. तिच्यावर सिंह आणि 'पीव्ही' असेल तर ती बिनधुराच्या दारूला पास आहे. मोबाइलच्या उजेडात, तिरप्या कोनातून फोटो काढला की हे शिक्के डोळ्यांपेक्षा स्पष्ट येतात.

यानंतरची गोष्ट चेंबरच्या लांबीची, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथल्याच. जुन्या इंग्लिश बारा बोअरचं चेंबर बहुधा अडीच इंचाचं, म्हणजे ६५ मिलिमीटर. आज दुकानात जास्त करून ७० मिलिमीटरची काडतुसं मिळतात. आता बारकाईने वाचा: काडतुसाची छापील लांबी ही बार उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यानंतरची असते. न उडालेलं ७० चं काडतूस तोंड दुमडलेलं असल्याने साधारण ५८ मिलिमीटरच भरतं. ते ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसतं, बंदूक सहज मिटते, कुठे अडकत नाही. 'बसलं म्हणजे चालतं' हा आपला सगळ्यांचा समज इथे घात करतो. बार उडाला की दुमडलेलं तोंड उलगडून चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, तिथली वाट अरुंद करतं आणि त्याच अरुंद वाटेने छर्रे आणि बूच (दारू आणि छर्रे यांच्यामधली गुडदी) ढकलले जातात. दाब वाढतो. शिवाय ७० च्या काडतुसात भरणाही बऱ्याचदा जास्त असतो. प्रत्येक वेळी नळी फुटते असं नाही, म्हणूनच 'आमच्याकडे पन्नास बार काढलेत, काही झालं नाही' असं म्हणणारे भेटतात. त्या पन्नास बारांनी नळी आणि मागचा भाग जोडणारा सांधा थोडा थोडा ढिला केलेला असतो, तो मी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून त्यांना दाखवतो.

चेंबरची लांबी बंदुकीवर इंचात कोरायची पद्धत इंग्लंडमध्ये १९२५ पासूनची. त्याआधीच्या बंदुकीवर आकडा नसेल तर ६५ च धरा आणि कारागिराकडून मोजून घ्या. घरी पट्टी घालून मोजू नका, चेंबर कुठे संपतं ते पट्टीला कळत नाही. आणि काडतूस घेताना डबा वाचा: '६५ मिलिमीटर किंवा त्याहून लांब चेंबरसाठी' असं स्पष्ट छापलेलं असेल तरच घ्या. अशी हलक्या दाबाची काडतुसं जरा शोधावी लागतात, मिळतात.

मी तुमची बंदूक माझ्या टेबलावर घेतली असती तर पुढची तपासणी अशी केली असती. नळ्या उतरवून खालच्या आकड्यात दोरा अडकवून टांगतो आणि मधोमध टिचकी मारतो. सगळे जोड शाबूत असतील तर देवळातल्या लहान घंटेसारखा लांब नाद येतो, हवेत रेंगाळतो. दोन नळ्यांमधली पट्टी कुठे सुटली असेल तर आवाज लगेच मरतो, फुटक्या मडक्यासारखा. कान एकदा तयार झाला की पहिल्या टिचकीत कळतं. मग नळी खिडकीकडे धरून आतून बघतो. आतल्या चकाकीवर उजेडाची वर्तुळं दिसतात, एखादं वर्तुळ वाकडं दिसलं की तिथे पोचा आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. जुन्या काडतुसांच्या टोप्यांत क्षार असायचा, तो हवेतलं पाणी ओढून पोलाद खातो. नुसत्या तेलाने तो निघत नाही, उकळतं पाणी ओतून, सुकवून, मग तेल लावायला हवं होतं. हे आजोबांच्या पिढीत फार थोड्यांना माहीत होतं. त्यानंतर गेजने भिंतीची जाडी. सर्वांत पातळ जागीही किमान वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, भरली पाहिजे. त्याखाली असेल तर मी ती बंदूक वापरायला देत नाही, गिऱ्हाईक कितीही जुनं असो. शेवटी बंदूक मिटून, लाकडी भाग काढून, नळी डावी-उजवी हलवून बघतो. खळखळ जाणवली तर आधी सांधा, मग बाकी सगळं.

यातलं पहिलं दुसरं तुम्हीही घरी करू शकाल, पण निकाल तुम्ही लावू नका. परवाना आणि बंदूक सोबत घेऊन जवळच्या परवानाधारक कारागिराकडे जा.

सतरा जुन्या काडतुसांबद्दल तुम्ही 'वाया कशाला घालवायची' असं लिहिलंय. भावना कळते, आजोबांच्या हातची आहेत. पण कागदी खोळ पावसाळ्यातली ओल पिते आणि फुगते, चेंबरमध्ये अर्ध्यावर अडकते. पितळी बुडावर हिरवट थर आला असेल तर आत काय झालंय ते सांगता येत नाही. बिनधुराची दारू जुनी झाली की कुजते, आंबूस झणका येतो. टोपी उशिरा पेटू शकते: चाप ओढला, खट्ट झालं, काही नाही, माणूस बंदूक उघडायला जातो आणि तेवढ्यात बार उडतो. उघडून दारू काढायचा प्रयत्न करू नका. परवान्यासोबत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पोच घ्या. एखादी रिकामी खोळ आठवण म्हणून हवी असेल तर तेही तिथेच विचारून घ्या.

'खट्ट' वरून आठवलं, जागलीच्या वेळी उपयोगी पडेल. काडतूस फुसकं गेलं तर नळी मोकळ्या दिशेला धरून किमान मिनिटभर तशीच ठेवा, मग उघडा. आणि बार उडाला पण आवाज नेहमीपेक्षा दबका, नुसतं 'फुस्स' झालं, तर दुसरा बार कितीही निकडीचा असला तरी थांबा. बूच नळीत अडकलेलं असू शकतं. बंदूक उघडा, दोन्ही काडतुसं काढा, टॉर्च लावून आरपार बघा. अडकलेल्या बुचावर दुसरा बार काढणं हे माझ्या पाहण्यात नळी फुटण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे.

नळी अडवणारा दुसरा शत्रू आपल्याकडे उडत येतो. कुंभारमाशी. पावसाळ्यात कोपऱ्यात उभ्या ठेवलेल्या बंदुकीच्या तोंडात ती चिखलाचं घर बांधते. गेल्या दिवाळीनंतर माझ्याकडे आलेल्या एका बंदुकीतून मी लाकडी काठीने अडीच इंचांचा वाळलेला चिखलाचा गोळा काढला, आत अळ्यांसकट. मालक दोन दिवसांनी तीच बंदूक घेऊन वावरात जाणार होता. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा होती, परत आली, की पहिल्यांदा नळीतून आरपार बघा. माळ्यावरून काढली, बघा. कुणाच्या हातून आली, बघा. आणि घरात वीस बोअरची दुसरी बंदूक असेल तर दोन्हींची काडतुसं एका खिशात कधीच नको. वीसचं काडतूस बाराच्या नळीत पुढे घसरून मधेच अडकतं, मागून बाराचं बसतंही, आणि मग दोन्ही उडतात. वीसची खोळ पिवळी ठेवायची पद्धत यासाठीच पडली.

आता पैशाचं, कारण प्रश्न तिथूनच निघाला. मावसभाऊ महिन्याला शेकड्याने बार काढतो, चांदमारी त्याचा छंद आहे. त्याची बचत खरी आहे. तुम्ही हंगामात किती काढणार? माझी बहुतेक पीक संरक्षण परवान्याची गिऱ्हाइकं वर्षाला दहा-पंधराच्या वर जात नाहीत. दहा-पंधरा काडतुसांत जी बचत होईल ती टेबल, काटा आणि जोखीम यांच्यापुढे काहीच नाही. शिवाय हेही ध्यानात असू द्या की बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नाही. रोही असो की रानडुक्कर, त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते, आणि नुकसानीचा पंचनामा वेळेत केला तर भरपाईचा अर्जही करता येतो. ही कागदपत्रं आधी करून ठेवा.

तुमच्या नळीवर बिनधुराचा शिक्का निघाला, जाडी भरली, सांधा घट्ट निघाला, तर ६५ ची हलकी कारखान्याची काडतुसं घ्या आणि बिनधास्त वापरा. शिक्का नसेल किंवा जाडी कमी असेल, तर ती बंदूक वारसा म्हणून तेल लावून जपा आणि वावरासाठी दुसरी साधी नवी एकनाळी घ्या. परवान्यावर आता दोन शस्त्रांची मर्यादा आहे, तीत हे बसतं. दुसरीची मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून घ्यावी लागेल, तिला वेळ लागतो, म्हणून हरभरा पेरायच्या आधीच अर्ज टाका.

तोवर इतकंच करा: बंदूक रिकामी करून कुलपात, सतरा काडतुसं ठाण्यात, आणि त्या गावातल्या माणसाला आजच नाही म्हणून सांगा. नळीखालचे शिक्के मळ पुसून एका कागदावर जसेच्या तसे उतरवा, मुकुट असेल तर मुकुट, आकडा असेल तर आकडा, कुठलं अक्षर कुठल्याखाली आहे तेही. डावी आणि उजवी नळी वेगवेगळी उतरवा, कारण एखादी नळी मागाहून बदललेली असू शकते. तो तपशील इथे लिहा, मी ओळ ओळ वाचून सांगतो.